विश्लेषण : कर्जत-खालापुरात सहावी-सातवीतच जिल्हा परिषदेची शाळा का सोडली जाते? पालकांचे आणि मुलांचे मत नोंदवते कोण?

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक रकाना असतो : ‘शाळा सोडण्याचे कारण’. बहुतेक दाखल्यांवर तिथे एकच ओळ दिसते, ‘पालकांच्या विनंतीवरून’. फार तर ‘पुढील शिक्षणासाठी’. या ओळीमागे प्रत्यक्षात बरेच काही असते. गणिताला शिक्षक नसतो. पावसाळ्यात ओढा ओलांडता येत नाही. शेजारच्या घरातला मुलगा इंग्रजी माध्यमात जायला लागलेला असतो. किंवा दिवाळीनंतर सगळे कुटुंबच वीटभट्टीवर निघालेले असते. दाखल्यावर यातले काहीही उतरत नाही.

दर जूनमध्ये शाळा सुरू होताना प्रवेशोत्सव होतो. नव्या मुलांना गुलाबाचे फूल मिळते, फोटो निघतात. त्याच आठवड्यात त्याच शाळेच्या कार्यालयात दाखले नेणारे पालकही उभे असतात, त्यांचा फोटो कुणी काढत नाही. रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत सहावी ते आठवीच्या टप्प्यावर सरकारी शाळेबद्दल पालकांना आणि मुलांना काय वाटते, हे मत व्यवस्थेपर्यंत का पोचत नाही आणि ते पोचवण्यासाठी कायद्याने दिलेली कोणती हत्यारे वापराविना पडून आहेत, हे समजून घेऊया.

सहावी ते आठवी हा टप्पा इतका नाजूक का?

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ सालचा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सोयीसाठी आपण त्याला आरटीई म्हणतो. या कायद्याच्या रचनेत पहिली ते पाचवी हा प्राथमिक आणि सहावी ते आठवी हा उच्च प्राथमिक टप्पा आहे. महाराष्ट्रातल्या शाळा मात्र त्याआधी कित्येक वर्षे वेगळ्या हिशेबाने उभ्या राहिल्या होत्या. वाडीवर चौथीपर्यंतची शाळा, मोठ्या गावात सातवीपर्यंतची शाळा आणि बाजाराच्या गावी संस्थेचे पाचवी ते दहावीचे हायस्कूल, अशी ती घडण.

कायदा आल्यावर चौथीच्या शाळेला पाचवी आणि सातवीच्या शाळेला आठवी जोडण्याचे निर्णय झाले. पण सगळीकडे खोल्या आणि शिक्षक जोडले गेले नाहीत. त्यामुळे कायद्याच्या कागदावर एकसंध असलेला हा टप्पा मुलाच्या आयुष्यात दोन-तीन ठिकाणी तुटतो. कुणी चौथीनंतर शाळा बदलतो, कुणी पाचवीनंतर, कुणी सातवीनंतर. प्रत्येक तुटीवर घरात एकदा चर्चा होते : पुढे शिकवायचे का, कुठे शिकवायचे, कोण नेणार-आणणार? म्हणजे पालकांचे खरे मत याच वर्षांत ठरते.

आरटीईच्या परिशिष्टानुसार सहावी ते आठवीला किमान प्रत्येक वर्गामागे एक शिक्षक हवा आणि ३५ मुलांमागे एक हे प्रमाण हवे. शिवाय विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा या तीन गटांसाठी प्रत्येकी किमान एक शिक्षक हवा. पट १०० च्या वर असेल तर पूर्णवेळ मुख्याध्यापक आणि कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण, कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशकही हवेत. पालकांना ही कलमे पाठ नसतात. त्यांची तक्रार मात्र बहुधा याच यादीतल्या एखाद्या ओळीची असते.

कर्जत आणि खालापूरची स्थिती वेगळी का आहे?

रायगड म्हटले की डोळ्यांपुढे समुद्र येतो, पण हे दोन तालुके आतल्या अंगाला, सह्याद्रीच्या पायथ्याला आहेत. जिल्हा परिषदेचे मुख्यालय अलिबागला, किनाऱ्यावर. आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालय पेणला. मुंबई मात्र लोकलने जोडलेली. कर्जत, नेरळ, खोपोलीच्या घरांतून रोज माणसे ठाणे-मुंबईला कामाला जातात, तर खांडसच्या पुढच्या वाड्यांतून तालुक्याच्या गावी यायलाही अर्धा दिवस मोडतो.

खालापूर तालुक्यातून द्रुतगती महामार्ग जातो. खोपोली, रसायनी, मोहोपाड्याला कारखाने आहेत. कर्जतला फार्महाऊस, रिसॉर्ट आणि ‘सेकंड होम’चे प्रकल्प वाढत आहेत. पनवेल-कर्जत उपनगरी रेल्वे मार्गामुळे ही वस्ती आणखी वाढेल, अशी अपेक्षा आहे. त्याच तालुक्यांत ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी समाजाच्या वाड्या आहेत. कातकरी ही कोलाम आणि माडिया गोंड यांच्यासह राज्यातील तीन आदिम जमातींपैकी एक. यातली अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टी किंवा कोळशाच्या भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. शाळेचे वर्ष जूनला सुरू होते आणि भट्टीचे वर्ष दिवाळीला, त्यामुळे या मुलांचे दुसरे सत्र जवळपास पूर्णच बुडते.

आणखी एक मुद्दा सहसा लक्षात येत नाही. आदिवासी वाड्या असूनही रायगड जिल्हा पेसा क्षेत्रात येत नाही. पालघर, नाशिक किंवा गडचिरोलीच्या अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना जे खास अधिकार आहेत, ते इथल्या वाड्यांना नाहीत. म्हणून शाळेच्या कारभारात बोलण्यासाठी पालकांच्या हातात जे साधन उरते, त्याचे मोल इथे जास्त आहे. ते साधन कोणते, ते पुढे पाहू.

पालकांचे म्हणणे काय असते?

‘पालकांचे मत’ असे एकवचनी काही नसते. या दोन तालुक्यांत किमान तीन वेगवेगळी मते ऐकू येतात.

स्टेशनजवळच्या आणि कारखान्यालगतच्या वस्तीत इंग्रजी हा पहिला मुद्दा असतो. तिथला पालक स्वतः मराठी शाळेत शिकलेला असतो, शाळेबद्दल त्याच्या मनात राग नसतो. पण नोकरीच्या मुलाखतीत आपण कुठे अडलो हे त्याला आठवत असते. पिवळी बस दारात येते, गळ्यात टाय असतो, आठवड्याला चाचणी होते आणि तिचे गुण मोबाइलवर येतात. यातले शेवटचे कारण फारसे बोलले जात नाही, पण ते मोठे आहे. मुलाचे काय चालले आहे हे कळण्याची सोय त्याला हवी असते.

शेतकरी गावांमधला पालक शाळेपेक्षा शिक्षकाकडे पाहतो. चांगले गुरुजी किंवा बाई असतील तर तो मुलाला हलवत नाही, बदली झाली की हलवतो. त्याची विचारणा ठरलेली असते : गणित-विज्ञानाला स्वतंत्र शिक्षक आहे का, सेमी-इंग्रजी आहे का, आठवी इथेच होणार की पुढच्या वर्षी पुन्हा प्रवेशासाठी फिरायचे? शिक्षक सतत निवडणूक, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती यांत अडकलेले असतात, ही त्याची तक्रार असते. आरटीईच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामे शिक्षकांना देता येतात, हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

वाडीवरच्या पालकाचे मत सगळ्यात कमी ऐकले जाते. त्याचे प्रश्न रस्ता, पाऊस, जेवण आणि मुलीची सुरक्षितता यांचे असतात. वाडीतली शाळा संपली की पर्याय दोनच. एक, रोज खाली उतरून पुन्हा वर चढणे. दोन, निवासी आश्रमशाळा. मुलगी असेल तर घरातली मोठी माणसे तिसराही पर्याय काढतात, तिला घरीच ठेवण्याचा.

या तिन्ही मतांत एक गोष्ट समान आहे. सरकारी शाळा वाईटच असते, असे कुणी सरसकट म्हणत नाही. लहान वर्गांतल्या शिक्षकांबद्दल चांगलेच ऐकू येते. शंका असते ती पुढची : आता ठीक आहे, पण सातवी-आठवीत हीच शाळा टिकेल का?

ही शंका निराधार नाही. ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागात आठवीतल्या मुलांपैकी ४५.८ टक्क्यांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. यात सरकारी आणि खासगी दोन्ही शाळांची मुले आहेत. तेव्हा नुसती शाळा बदलून भागाकार येईल, या समजुतीलाही या आकड्यात आधार मिळत नाही.

आणि मुलांचे?

अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांना शाळेबद्दल विचारले, तर उत्तरे पालकांपेक्षा वेगळी येतात. मुलीला आधी स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का आणि नळाला पाणी आहे का, हे महत्त्वाचे असते. मुलांना खेळायला मैदान हवे असते. प्रयोग पुस्तकातल्या चित्रात न पाहता हाताने करायचे असतात. वर्गात घरची ठाकरी किंवा कातकरी बोली तोंडून निघाली आणि सगळे हसले, तर ते मूल पुढे आठ दिवस तोंड उघडत नाही. भट्टीवरून परतलेल्या मुलाला स्वतःच्याच वर्गात पाहुण्यासारखे वाटते.

जेवणाचेही तसेच. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी शाळेतल्या माध्यान्ह भोजनात दर दिवशी १५० ग्रॅम धान्य, ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने असा निकष आहे. पालकाच्या दृष्टीने तो एक वेळचा आधार असतो. मुलांचे म्हणणे चवीबद्दल असते आणि रोज तीच खिचडी का, याबद्दल असते. दोन्ही मते बरोबर आहेत. आठवीनंतर हे जेवण थांबते. नववीत गेलेल्या मुलाला हा फरक पहिल्याच दिवशी पोटात जाणवतो.

‘मुलांना काय कळते?’ हा आक्षेप लगेच येतो. शिक्षक भरती किंवा निधीबद्दल मुलांना कळत नसेलही. पण कुठल्या तासाला वर्ग रिकामा असतो, कुठल्या वाटेवर भीती वाटते, कोण मारते आणि कोणाचे शिकवलेले समजते, हे त्यांच्याइतके कुणालाच माहीत नसते. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचे १२ वे कलम मुलाला त्याच्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क देते. भारताने ही संहिता डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारली.

ऑगस्ट २०२४ मध्ये कर्जतच्याच लोकल मार्गावरील बदलापुरात एका शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराची घटना उघड झाली. त्यानंतर सीसीटीव्ही, तक्रार पेटी आणि सुरक्षा समित्यांचे आदेश निघाले. पेटी भिंतीवर लावणे सोपे असते. आपण चिठ्ठी टाकली तर ती कुणी तरी वाचेल आणि आपले नाव फोडणार नाही, हा विश्वास मुलाच्या मनात रुजायला वेळ लागतो. शाळेतल्या साध्या गोष्टींबद्दल, खिचडीबद्दल, नळाबद्दल, मैदानाबद्दल कधी विचारलेच नसेल, तर गंभीर गोष्ट सांगायला मूल पुढे कसे येईल?

मग शाळा सोडणे हेच एकमेव ‘मत’ कसे झाले?

अल्बर्ट हर्शमन या अर्थतज्ज्ञाने १९७० साली संस्थांच्या घसरणीबद्दल एक सिद्धान्त मांडला. एखाद्या संस्थेचा दर्जा घसरू लागला की माणसापुढे दोन मार्ग असतात : निघून जाणे किंवा आवाज उठवणे. सार्वजनिक शाळेचे उदाहरण देताना त्याने दाखवले की दर्जाबद्दल सर्वांत जागरूक असलेले पालकच आधी बाहेर पडतात. हेच पालक आत राहिले असते तर सर्वांत जास्त बोलले असते. ते गेल्यावर शाळेला जाब विचारणारे कमी होतात आणि घसरण थांबवणे आणखी अवघड जाते.

आपल्याकडे याला सरकारी हिशेबाची जोड मिळते. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर होणार हे, पटावर ठरते. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने निकष बदलले. त्यानुसार सहावी ते आठवीच्या गटात २० पेक्षा कमी मुले असतील तर त्या गटासाठी शिक्षकाचे पदच मंजूर होत नाही. त्याविरोधात शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या. त्याआधी सप्टेंबर २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव मागवले गेले. तेव्हा राज्यात २० पेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा असल्याचे सांगितले गेले होते.

माइक स्पीकरसमोर धरला की बारीक शीळ सुरू होते आणि क्षणात कान फुटायची वेळ येते. स्पीकरचा आवाज माइकमध्ये, तोच मोठा होऊन पुन्हा स्पीकरमध्ये, असे ते चक्र असते. इथेही चार मुले गेली की पट घटतो, पट घटला की शिक्षक जातो, शिक्षक गेला की आणखी आठ मुले जातात. शेवटी ‘पालकांचा प्रतिसाद नाही’ असा शेरा बसतो. पहिली चार मुले का गेली, हे कुठेही लिहिलेले नसते. दाखल्यावरचा तो रकाना तिथेच प्रामाणिकपणे भरला असता, तर चक्र सुरू होतानाच कळले असते.

सरकारची बाजूही आहे. सात-आठ मुलांच्या वर्गात प्रत्येक विषयाला स्वतंत्र शिक्षक देणे परवडत नाही. इतक्या कमी सोबत्यांत मुलांनाही खेळ, स्पर्धा, गप्पा मिळत नाहीत. मोठी, सोयींनी भरलेली शाळा चांगली असू शकते, हे मान्य. पण तिथपर्यंत मूल पोचणार कसे, हे आधी ठरले पाहिजे. आणि ते ठरवताना वाडीला विचारले पाहिजे.

अंतर कागदावर आणि पायाखाली सारखे असते का?

महाराष्ट्राच्या २०११ च्या आरटीई नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी. मैदानी प्रदेशात तीन किलोमीटर म्हणजे सायकलवर पंधरा मिनिटे. माथेरानच्या उतारावर किंवा कोथळीगडाच्या बाजूला त्याच तीन किलोमीटरमध्ये चढण असते, ओढा असतो आणि जुलैत धुके असते. नकाशावरचे अंतर बाराही महिने सारखेच राहते, वाट मात्र पावसाळ्यात बदलते.

खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीची दुर्घटना आपण सर्वांनी पाहिली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याच्या या ठाकूर वाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, बचाव पथकांना पायी चढावे लागले. त्या रात्री वाडीतल्या शाळेच्या खोलीत बसलेली काही मुले वाचली आणि त्यांनी खाली खबर दिली, असे तेव्हाच्या बातम्यांत आले होते. वाडीत शाळेची इमारत ही अनेकदा एकमेव सार्वजनिक वास्तू असते. तिथे लस टोचली जाते, मतदान होते, बैठक होते. ती बंद करण्याचा हिशेब केवळ पट आणि पगारावर मांडला, तर हे सारे त्यातून सुटते.

अंतर जास्त असेल तर वाहतुकीची सोय करणे ही प्रशासनाची जबाबदारी आहे. ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, अहिल्याबाई होळकरांच्या नावाची ही योजना अनेक मुलींच्या कामी आली आहे. पण पास हातात असला तरी शाळेच्या वेळेला एसटी यायला हवी, आणि वाडीपासून थांब्यापर्यंतची वाट तर पासावर कापता येत नाही.

पालकांच्या हातात नेमके काय आहे?

हेच ते साधन : शाळा व्यवस्थापन समिती. आरटीईच्या कलम २१ नुसार प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत ती असलीच पाहिजे. तिच्यातले तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात. महाराष्ट्रात समितीचा अध्यक्ष पालकांमधूनच निवडला जातो, मुख्याध्यापक सचिव असतात आणि महिन्यातून किमान एक बैठक अपेक्षित असते. समितीवर दोन विद्यार्थीही घ्यायचे असतात, त्यात किमान एक मुलगी. त्यांना मतदानाचा अधिकार नसतो, बोलण्याचा असतो.

शाळेचा विकास आराखडा बनवणे, अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे, शिक्षक वेळेवर येतात का हे पाहणे, ही या समितीची कामे. याशिवाय कलम ३२ आहे. मुलाच्या शिक्षणहक्काबद्दल कुणीही स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करू शकतो आणि प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. वाडीतली शाळा मधल्याच इयत्तेत संपत असेल, तर कलम ५ नुसार मुलाला पुढच्या शाळेत जाण्याचा हक्क आहे आणि दाखला मिळायला उशीर झाला म्हणून त्याचा प्रवेश अडवता येत नाही.

म्हणजे आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक जिल्हा परिषद शाळेत कागदावर पालकांचे बहुमत आहे. आमदार-खासदारांनाही हेवा वाटावा असे हे बहुमत आहे.

मग हे बहुमत दिसत का नाही?

पहिले कारण वेळ. बैठक कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवली जाते. रोजंदारीवरच्या आईने ती गाठायची म्हणजे त्या दिवसाची मजुरी सोडायची. लोकलने ठाण्याला जाणाऱ्या वडिलांना तर ती शक्यच नसते. नंतर सही घ्यायला रजिस्टर घरी येते आणि इतिवृत्तात ‘सर्वानुमते मंजूर’ असे लिहिले जाते.

दुसरे कारण संकोच. आपण शिकलेलो नाही, गुरुजींना काय विचारायचे, हा विचार वाडीवरच्या पालकाला गप्प बसवतो. बोललो तर आपल्या मुलावर राग निघेल, ही भीतीही असते. तिसरे कारण गावचे राजकारण. काही ठिकाणी समितीचे अध्यक्षपद ग्रामपंचायत निवडणुकीची पहिली पायरी ठरते आणि बैठकीत शाळेपेक्षा गटांचाच विषय जास्त चालतो.

शिक्षकांची अडचणही खरी आहे. एकाच शिक्षकाने तीन वर्ग सांभाळायचे, पोर्टलवर माहिती भरायची, धान्याचा हिशेब ठेवायचा आणि वर पालकांची बैठकही घ्यायची. अशा वेळी बैठक लवकर उरकण्याकडे कल असणारच. त्यात पालकांनी मांडलेली अडचण त्याच्या हातातली नसते. गणिताचे पद भरणे अलिबागला ठरते. तरीही ती अडचण इतिवृत्तात लिहून पुढे पाठवली, तर शिक्षकाचेच हात बळकट होतात.

मत ऐकले तर फरक पडतो का?

पडतो, आणि त्याचे उदाहरण फार जुने नाही. २०२४-२५ मध्ये राज्याने ‘एक राज्य, एक गणवेश’ योजना आणली. कापड मध्यवर्ती पातळीवर घेतले गेले, शिलाई बचत गटांमार्फत झाली. सत्र सुरू होऊन महिने उलटले तरी अनेक शाळांत गणवेश पोचले नाहीत, पोचले ते कित्येकांना मापाचे नव्हते. पालक आणि शिक्षकांची ओरड झाली. डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय फिरला आणि २०२५-२६ पासून गणवेश घेण्याचे अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आले. मुलाच्या खांद्याचे माप मंत्रालयापेक्षा त्याच्या आईला अधिक बरोबर माहीत असते, हे यातून सिद्ध झाले.

दुसरे उदाहरण पुणे जिल्ह्याचे. खेड तालुक्यातील जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेने २०२५ मध्ये जगातील उत्कृष्ट शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळवला. तिथे मुलेच एकमेकांचे ‘विषयमित्र’ होतात, ज्याला जे येते ते तो दुसऱ्याला शिकवतो. गाव शाळेच्या पाठीशी उभे राहिले. प्रत्येक शाळा जालिंदरनगर होणार नाही. पण तिथे वापरलेली मुख्य गोष्ट, पालक आणि मुले यांना शाळेच्या कामात खरे स्थान देणे, यासाठी नवा शासन निर्णय लागत नाही.

काय करता येईल?

एक, दाखल्यावरचा रकाना खराखुरा भरावा. विषय शिक्षक नाही, अंतर, स्थलांतर, इंग्रजी माध्यम, पुढील वर्ग नाही, सुरक्षितता, अशी आठ-दहा कारणांची यादी करून पालकाला त्यातले कारण निवडू द्यावे. केंद्रप्रमुखांनी दर सत्राला त्याची बेरीज करून गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यावी. त्यासाठी खर्च काहीही नाही.

दोन, समितीची बैठक पालकांच्या सोयीने ठेवावी. लोकलवाल्यांसाठी रविवारी, वाडीवर संध्याकाळी. इतिवृत्ताच्या पानाचा फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकावा आणि ग्रामसभेत ते वाचून दाखवावे. मोबाइल नसलेल्यांसाठी वाडीत एकदा तोंडी सांगावे.

तीन, समितीवरचे दोन विद्यार्थी प्रत्यक्ष बैठकीत बसावेत. त्याआधी सहावी ते आठवीच्या वर्गांत महिन्याला एकच प्रश्न नावाशिवाय, चिठ्ठीवर विचारावा : शाळेतली कोणती एक गोष्ट बदलायला हवी? चिठ्ठ्यांत सर्वाधिक वेळा आलेल्या गोष्टीवर पुढच्या बैठकीत चर्चा व्हावी.

चार, स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांचे मत दिवाळीच्या आधी घ्यावे, नंतर नाही. मूल गावातच राहू शकेल का, हंगामी वसतिगृह लागेल का, की शिक्षण हमी कार्ड देऊन भट्टीजवळच्या शाळेत पाठवायचे, हे तेव्हाच ठरते. भट्टी पेटल्यावर पंचनामा करून काही उपयोग नसतो.

पाच, कमी पटाची शाळा एकत्र करण्याआधी त्या वाडीत सुनावणी व्हावी आणि नव्या शाळेपर्यंतची वाट अधिकाऱ्यांनी जुलै महिन्यात, मुलांसोबत, दप्तर घेऊन चालून पाहावी.

तुम्ही पालक असाल तर आजच काय कराल?

शाळेत जाऊन समितीवर कोण कोण आहे आणि पुढची बैठक कधी आहे, हे विचारा. ही माहिती लपवण्याची नसते. तुमची अडचण तोंडी न सांगता अर्धे पान लिहून द्या, एक प्रत स्वतःकडे ठेवा आणि तिच्यावर तारखेसह पोच घ्या. अडचण शाळेच्या हातातली नसेल तर तोच अर्ज पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या आणि तिथलाही आवक क्रमांक घ्या. कलम ३२ चा उल्लेख करा, तीन महिन्यांची मुदत लक्षात ठेवा.

मूल आठवीत असेल तर एनएमएमएस परीक्षेचीही चौकशी करा. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकणाऱ्या आणि कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांपर्यंत असलेल्या मुलांसाठी ती आहे. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. सातवीचे गुण त्यासाठी धरले जातात, म्हणून सातवीतच त्याकडे लक्ष हवे.

आणि शेवटी शाळा सोडायचेच ठरले, तर तो तुमचा हक्क आहे. त्यात अपराधी वाटून घेण्यासारखे काही नाही. फक्त दाखला घेताना कारण विचारले गेले नाही तरी सांगा, आणि ते लिहून घ्या म्हणा. तुमच्या मागे त्याच बाकावर बसणाऱ्या मुलाला त्याचा उपयोग होईल.